घरभर एचडी टीव्ही हवाय? वायर ओढण्याआधी या चुका टाळा

नाशिकमध्ये इंदिरानगर, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, कुठेही नवं घर उभं राहताना टाइल्स आणि किचन ट्रॉलीवर महिना महिना चर्चा होते. टीव्हीच्या वायरचा विषय मात्र रंगाचा पहिला हात बसल्यावर निघतो. तोवर भिंती बंद झालेल्या असतात. मग वायर खिडकीतून येते, पडद्यामागून जाते, दाराच्या फटीत चेपली जाते, आणि हजारो रुपयांच्या टीव्हीवर चित्र चौकोन चौकोन होऊन अडकतं. बहुतेक घरांत टीव्ही चांगला असतो, बॉक्सही चांगला असतो. बिघाड त्या दोघांच्या मधल्या वायरीत असतो.

वायरमनला बोलावण्याआधी घरात एकच प्रश्न विचारा: प्रत्येक खोलीत वेगळं चॅनल लागायला हवं, की सगळीकडे एकच चित्र चालेल? आजींना आतल्या खोलीत कीर्तन हवं आणि हॉलमध्ये मुलांना मॅच हवी, तर प्रत्येक टीव्हीला स्वतःचा सेट टॉप बॉक्स लागणारच. त्याला पळवाट नाही. दुकानात किंवा हॉल आणि डायनिंगमध्ये तेच चित्र दोन ठिकाणी दिसायचं असेल, तर एका बॉक्सवर भागतं. या दोन गरजांची वायरिंग अगदी वेगळी आहे आणि गोंधळ इथूनच सुरू होतो.

छत्रीच्या वायरीला केबलचा स्प्लिटर

ही चूक सर्वांत जास्त होते. केबल टीव्हीच्या काळापासून आपल्याला सवय आहे: एक वायर घरात आली, बाजारातून स्प्लिटर आणला, तीन फाटे काढले. केबल कनेक्शन असेल तर आजही हे चालतं. प्रत्येक फाट्याला आपापला बॉक्स लावायचा, एवढंच. तरी प्रत्येक फाट्यावर सिग्नल घटतो. दोन फाट्यांच्या स्प्लिटरमध्ये साधारण साडेतीन डेसिबल (सिग्नलची घट मोजायचं माप) आणि चार फाट्यांच्यात सात डेसिबलच्या आसपास जातात. म्हणून ‘पुढे लागेल’ म्हणून आठ फाट्यांचा स्प्लिटर लावून ठेवू नका.

गच्चीवरच्या डीटीएच छत्रीचं गणित निराळं आहे. एलएनबीमधून, म्हणजे छत्रीच्या दांड्यावर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीतून, खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो. केबलच्या स्प्लिटरवर ‘५–१०००’ असं छापलेलं असतं, म्हणजे त्याची हद्द संपते तिथे छत्रीचा सिग्नल जेमतेम सुरू होतो. शिवाय त्याच वायरीतून बॉक्स वर एलएनबीला वीज पाठवतो, कधी १३ व्होल्ट, कधी १८. उपग्रहावरची काही चॅनलं उभ्या ध्रुवीकरणावर असतात, काही आडव्या (म्हणजे लहरी उभ्या किंवा आडव्या दिशेने कंप पावतात), आणि कोणती खाली पाठवायची हे एलएनबी या व्होल्टेजवरून ओळखतो.

आता एका साध्या एलएनबीवर दोन बॉक्स जोडले की काय होतं पाहा. हॉलमधला बॉक्स १८ व्होल्ट पाठवतो, बेडरूममधला १३ मागतो. एलएनबी जास्त व्होल्टेजवाल्याचं ऐकतो आणि बेडरूमची चॅनलं गायब होतात. हॉलमध्ये चॅनल बदललं की परत येतात. ‘हॉलचा टीव्ही बंद केला की आतला नीट चालतो’ अशी तक्रार असेल, तर बॉक्स बदलून काही होणार नाही. कधी कधी दोन्ही बॉक्स एकाच ध्रुवीकरणाची चॅनलं मागत असतात, तेव्हा हा जुगाड महिनोन्‌महिने चालतो. त्यामुळे शेजाऱ्याकडे चालतो हे त्याच्या योग्यतेचं प्रमाण धरू नका.

योग्य उपाय म्हणजे दोन बॉक्सना दोन स्वतंत्र तोंडांचा एलएनबी, चारांना चार तोंडांचा, आणि प्रत्येक तोंडापासून प्रत्येक बॉक्सपर्यंत अखंड वेगळी वायर. खोल्या त्याहून जास्त असतील तर मल्टिस्विच, म्हणजे एका एलएनबीचा सिग्नल अनेक बॉक्सना स्वतंत्रपणे वाटणारा डबा. एलएनबी मात्र तुमच्या डीटीएच कंपनीकडून विचारूनच घ्या, कारण काही जोडण्यांमध्ये एकाच वायरीवर अनेक बॉक्स चालवणारा वेगळ्या जातीचा एलएनबी असतो आणि त्याला बॉक्सही तसाच लागतो. ‘मल्टी टीव्ही’ कनेक्शनचा दर त्याच वेळी विचारून ठेवा.

आणखी एक जुनी खोड: बॉक्समागच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांमधून आतल्या खोलीत लांब वायर नेणं. त्या वायरीतून एचडी जातच नाही. बॉक्स एचडी, पॅक एचडी, टीव्ही एचडी, आणि चित्र मात्र जुन्या टीव्हीसारखं पुसट.

पाऊस दोषी की पिन दोषी?

नाशिककर जुलै-ऑगस्टमध्ये सगळं खापर पावसावर फोडतात. निम्मं खरं आहे. डीटीएचचा सिग्नल केयू बँड नावाच्या उच्च वारंवारतेच्या लहरींवर येतो आणि दाट पाऊस तो शोषतो. गंगापूर धरणाच्या बाजूने काळाकुट्ट ढग आला आणि पाच-दहा मिनिटं घरातले सगळे टीव्ही एकदम गेले, तर तो पाऊसच. छत्री पक्की आणि नेमक्या दिशेला असेल तर हा खंड कमी होतो, पूर्ण जात नाही.

पण पाऊस थांबून तास झाला, ऊन पडलं, आणि एकाच खोलीतलं चित्र अजून फुटतंय? मग गच्चीवर जा आणि त्या खोलीच्या वायरीची एलएनबीजवळची पिन उघडून पाहा. मधली तार चकचकीत तांबूस हवी. ती काळी पडलेली दिसेल, बाहेरची जाळी हिरवट झालेली असेल, आणि वायर चिमटीत दाबली तर फोममधून पाण्याचा थेंब येईल. जाळीचा केसाएवढा एक तंतू मधल्या तारेला टेकला तरी सगळी लाइन बसते. अशी पिन पुसून परत लावू नका. वायर वीतभर कापा, आतली तार स्वच्छ लागेपर्यंत मागे या आणि दाबून बसवायची कॉम्प्रेशन पिन लावा. हाताने पिळून बसवायची पिन स्वस्त पडते, पण नाशिकच्या एका पावसाळ्यातही टिकेल याची खात्री नसते.

पिनेवर साधी काळी पट्टी गुंडाळू नका, ती उन्हात सुटते. स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी घ्या. वायर घरात शिरते तिथे भोकाच्या खाली एक वळसा सोडा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत न येता खाली टपकेल. छत्रीची वायर आरजी-६ या जाड जातीचीच घ्या. तिच्यापेक्षा बारीक, जुन्या केबलच्या वेळची वायर गच्चीपासून तळमजल्यापर्यंतच्या अंतरात छत्रीचा सिग्नल खाऊन टाकते.

एक गोष्ट आपल्या वाढत्या शहराची. इथून उपग्रहांकडे छत्री साधारण आग्नेयेकडे तोंड करून असते. त्या बाजूला नवी इमारत, पाण्याची टाकी किंवा वाढलेलं झाड आड आलं तर वायर कितीही बदला, उपयोग नाही. छत्रीचीच जागा बदलावी लागते.

एकच चित्र दोन खोल्यांत

इथे एचडीएमआय स्प्लिटर लागतो, म्हणजे एका बॉक्सचं चित्र एकाहून जास्त टीव्हींना देणारा डबा. दुकानात ‘स्विच’ही त्याच्यासारखाच दिसतो, पण तो अनेक बॉक्स एका टीव्हीला जोडतो. नीट विचारून घ्या. साधी एचडीएमआय केबल दहाएक मीटरपर्यंत ठीक चालते. त्यापुढे पडद्यावर ठिपके चमकतात किंवा चित्र क्षणभर काळं होतं. लांब अंतराला कॅट-६ (इंटरनेटसाठी वापरतात ती) वायरीवरून चित्र पुढे नेणारा एक्स्टेंडर लावा. साधे एक्स्टेंडर पन्नास-साठ मीटर, एचडीबेसटी या अधिक क्षमतेच्या जातीचे शंभर मीटरपर्यंत जातात. त्यांची वायर थेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हवी, मध्ये राउटर नको. कॅट-६ शुद्ध तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर नेमकी इथेच दगा देते.

नवीन मोठ्या टीव्हीवर चित्र अचानक पुसट झालं, तर दुसऱ्या खोलीतला जुना टीव्ही पाहा. बरेच स्प्लिटर दोघांपैकी कमी क्षमतेच्या टीव्हीला जमेल तेवढंच दोघांना देतात.

बिघाड शोधताना

एका वेळी एकच वस्तू बदला. बंद खोलीतला बॉक्स उचलून हॉलच्या वायरीवर लावा. तिथे चालला तर बॉक्स निर्दोष. बॉक्सच्या मेन्यूत सिग्नलचे दोन आकडे दिसतात, त्यातल्या ‘क्वालिटी’कडे लक्ष द्या. ‘स्ट्रेंग्थ’ भरपूर आणि ‘क्वालिटी’ शून्य असेल तर बहुधा छत्रीची दिशा चुकली आहे. मग गच्चीवर एलएनबीच्या दोन वायरींची अदलाबदल करा. बिघाड दुसऱ्या खोलीत सरकला तर एलएनबीचं तोंड खराब. तिथेच राहिला, आणि दोन्ही टोकांच्या पिना नव्या लावूनही हलला नाही, तर वायर भिंतीतच गेलेली आहे. तिला मधे जॉइंट मारत बसू नका. जुन्या वायरीच्या टोकाला नवी बांधून त्याच पाइपातून ओढून घ्या, आणि गच्चीवरच्या टोकाला खोलीचं नाव लिहिलेली पट्टी लावा.