इंग्लंडच्या कौन्सिल निवडणुकीत टपालाने मत कसे द्यावे

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना हे ठाऊकच नसते की, भारतीय पासपोर्ट हाती असतानाही येथे मत देता येते. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्यामुळे, वैध परवान्यावर येथे राहणाऱ्या आणि अठरा वर्षे पूर्ण केलेल्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव नोंदवण्याचा हक्क आहे. कचरा कधी उचलला जाईल आणि कौन्सिल टॅक्स (येथील घरपट्टी) किती भरावा लागेल, हे ठरवणारे कौन्सिलचे, म्हणजे स्थानिक संस्थेचे, नगरसेवक आपल्याही मतावर निवडून यावेत, असे मला मनापासून वाटते.

मतदानाच्या दिवसाआधी केंद्रावर जाऊन मत देण्याची सर्वसाधारण सोय इंग्लंडमध्ये नाही. आधी मत द्यायचे तर टपालाचा मार्ग आहे. आपल्याकडे टपाली मतदान म्हटले की निवडणूक कामावरचे कर्मचारी आणि सैनिक आठवतात. येथे मात्र २००१ पासून कोणताही मतदार कारण न सांगता ते मागू शकतो.

सर्वप्रथम मतदार नोंदणी करावी. त्यानंतर सरकारी संकेतस्थळावर किंवा छापील अर्जाने टपाली मतपत्रिका मागावी. अर्जात नॅशनल इन्शुरन्स क्रमांक (काम व करासाठीचा सरकारी क्रमांक) व जन्मतारीख द्यावी लागते आणि कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने केलेल्या सहीचे छायाचित्र जोडावे लागते. नोंदणीची मुदत मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधी, तर टपाली अर्जाची ११ कामकाजी दिवस आधी सायंकाळी ५ वाजता संपते. मोजताना सुट्ट्या वगळायच्या असतात. मतदान ७ मे २०२६ रोजी धरले, तर ४ मेची बँक हॉलिडे सोडून मोजल्यावर या तारखा २० आणि २१ एप्रिल येतात. मंजुरी जास्तीत जास्त तीन वर्षे टिकते; पुढे पुन्हा अर्ज करावा लागतो.

घरी आलेल्या पाकिटात मतपत्रिका, एक निवेदनपत्र आणि ‘ए’ व ‘बी’ अशी दोन पाकिटे असतात. सर्वाधिक मते बाद होण्याचा धोका येथेच असतो, म्हणून हे काम सावकाश करावे. एका प्रभागातून दोन-तीन नगरसेवक निवडायचे असतील, तर पत्रिकेवर लिहिलेल्या संख्येपेक्षा जास्त फुल्या मारू नयेत. फुली मारलेली पत्रिका ‘ए’ पाकिटात घालून ते बंद करावे. निवेदनपत्रावर जन्मतारीख लिहून सही करावी आणि ते ‘ए’ पाकिटासह ‘बी’ पाकिटात ठेवावे. जन्मतारखेच्या रकान्यात चुकून आजची तारीख लिहू नये. सही व जन्मतारीख अर्जाशी ताडून पाहिली जाते. अर्जावर सही देवनागरीत केली असेल तर येथेही देवनागरीतच करावी, आणि शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख लावली असेल व अर्जात तीच दिली असेल, तर येथेही तीच लिहावी. पती-पत्नींच्या पाकिटांची अदलाबदल झाली तरी मते अडचणीत येतात.

घरातल्या कर्त्या माणसाने सर्वांच्या पत्रिका भरून टाकणे हा गुन्हा आहे. आईला इंग्रजी अर्ज समजत नसेल तर तो समजावून सांगावा, पण फुली तिची तिने, एकांतात मारावी.

पाकीट देशांतर्गत पाठवण्यास टपालखर्च लागत नाही. मात्र मतदानाच्या दिवशी रात्री १० वाजेपर्यंत ते पोहोचलेच पाहिजे, त्यामुळे शक्य तितक्या लवकर पेटीत टाकावे. उशीर झाल्यास मतदान केंद्रावर किंवा कौन्सिल कार्यालयात हाती देता येते. त्या वेळी एक अर्ज भरावा लागतो आणि स्वतःच्या पत्रिकेखेरीज इतरांच्या पाचच देता येतात. कौन्सिलच्या पत्रपेटीत गुपचूप टाकलेले पाकीट नाकारले जाते.

मे महिन्यात गावी जाणार असाल, तर टपालापेक्षा प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने मत देणारी विश्वासू व्यक्ती नेमणे मला अधिक सुरक्षित वाटते. उमेदवारी अर्जांची मुदत संपून छपाई झाल्यावरच मतपत्रिका निघतात, आणि त्या भारतात पोहोचून वेळेत परत येतील याची खात्री नसते. प्रॉक्सीसाठी सहा कामकाजी दिवस आधी सायंकाळी ५ वाजेपर्यंत अर्ज करावा. त्या व्यक्तीने तुम्हाला नेमून दिलेल्या केंद्रावर स्वतःचे छायाचित्र असलेले ओळखपत्र न्यावे लागते. त्यासाठी भारतीय पासपोर्टही चालतो.