शिसं कार्बनने धरलं की भलतीकडेच गेलं? वनस्पतिजन्य नॅनोकार्बनच्या प्रयोगात या चुका टाळा

पाण्यातलं शिसं काढायला भाताचं तूस, करवंटी किंवा पालापाचोळ्यापासून कार्बन केला, शिशाच्या द्रावणात ढवळला, गाळून मोजलं, तर ९८ टक्के शिसं नाहीसं. निकाल लिहून टाकण्याआधी ते शिसं नेमकं कुठे गेलं हे बघा. बहुतेक चुका तिथेच दडलेल्या असतात.

सगळ्यात जास्त फसवतो तो पीएच. तीव्र द्रावणाचा पीएच साधारण ६ च्या वर गेला की शिशाचा हायड्रॉक्साइडच्या रूपात साका बनू लागतो. तोही फिल्टरवर अडकतो आणि आकडा कार्बनच्या खात्यात जमा होतो. सुरुवातीला पीएच ५ ठेवला एवढ्याने भागत नाही. वनस्पतीतल्या पोटॅशियम-कॅल्शियमचे क्षार कार्बनमध्ये राखेच्या रूपात उरलेले असतात. ते विरघळले की ढवळता ढवळता पीएच वर सरकतो. म्हणून कार्बन आधी सौम्य आम्लाने आणि मग धुवणाचा पीएच स्थिर होईपर्यंत ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा. ढवळण्याआधी आणि ढवळून झाल्यावर, दोन्ही वेळा पीएच नोंदवा. शेवटच्या पीएचला कार्बन न घातलेली एक बाटलीही सोबत चालवा. तिच्यातलं शिसंही घटलं, तर तेवढी घट कार्बनमुळे झालेली नाही. पीएच आवरायला फॉस्फेट बफर मात्र अजिबात नको. शिशाचं फॉस्फेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, सगळा प्रयोग साक्याचाच होऊन बसतो.

उलट, कार्बन काहीच धरत नसेल तर त्याचा शून्य प्रभार बिंदू, म्हणजे ज्या पीएचला पृष्ठभागावरचा एकूण प्रभार शून्य असतो तो, तपासा. त्या पीएचच्या खाली पृष्ठभाग धनप्रभारित असतो आणि शिसं, कॅडमियम यांचे धन आयन दूर लोटले जातात. दुसरं कारण म्हणजे फार जास्त तापमान. ८०० अंश सेल्सिअसला पृष्ठफळ बहुधा वाढतं, पण धातू पकडणारे कार्बॉक्सिलसारखे ऑक्सिजनयुक्त गट उडून जातात. नुसत्या पृष्ठफळाच्या आकड्यावर भाळू नका.

क्रोमियमची गोष्ट वेगळी. आम्लधर्मी पाण्यात षट्संयुजी क्रोमियम ऋण आयन असतो, त्यामुळे तो धनप्रभारित कार्बनकडे ओढला जातो. पण कार्बन त्यातल्या काहींचं क्षपण करून त्रिसंयुजी क्रोमियम बनवतो, आणि तो पाण्यातच राहू शकतो. डायफेनिलकार्बाझाइड या चाचणी-रसायनाचा जांभळट रंग फक्त षट्संयुजी क्रोमियम दाखवतो. रंग गेला म्हणजे क्रोमियम गेलं, असं धरू नका; एएएस (अणुशोषण वर्णपटमापी) किंवा आयसीपी (प्लाझ्मावर चालणारं धातुमापक यंत्र) यांवर एकूण क्रोमियम मोजाच.

कार्बन डॉट, म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण, वापरत असाल तर फिल्टरकडे लक्ष द्या. हे कण १० नॅनोमीटरपेक्षाही लहान, आणि नेहमीच्या ०.४५ मायक्रॉन फिल्टरची छिद्रं ४५० नॅनोमीटरची. कण धातूसकट आरपार जातात. मग पाणी पिणाऱ्याच्या पोटात धातूही जाणार आणि कणही. ते कण अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासूनच्या जेलच्या) मण्यांत किंवा वाळूवर पक्के बसवा, आणि ते सुटून पाण्यात येत नाहीत ना, हेही तपासा.

टक्केवारीही जपून वाचा. लिटरमागे १०० मिलिग्रॅमपैकी ९९ टक्के शिसं काढलं तरी १ मिलिग्रॅम, म्हणजे १००० मायक्रोग्रॅम उरतं. जागतिक आरोग्य संघटनेचं पिण्याच्या पाण्यातल्या शिशाचं मार्गदर्शक मूल्य लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणून चाचणी कमी प्रमाणातही घ्या, आणि तीही कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेल्या खऱ्या पाण्यात.

शेवटी वापरलेला कार्बन ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन त्यात किती शिसं उतरलं ते मोजा. हे शिसं आणि पाण्यात उरलेलं शिसं यांची बेरीज सुरुवातीच्या शिशाच्या जवळ यायला हवी. तूट मोठी असेल तर बाटलीच्या भिंती, फिल्टर आणि कार्बनवर अजून चिकटून राहिलेलं शिसं तपासा. हे आम्ल आणि कार्बन दोन्ही घातक कचऱ्यात जमा करा, बेसिनमध्ये ओतू नका.