इंजिनचं काम झालंय म्हणतात? गार असताना बघा

निपाणी-बेळगावकडे जुनी गाडी बघायला गेलात आणि मालक म्हणाला, "इंजिनचं फुल काम केलंय," तर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर सरळ उद्या सकाळी या. तापलेलं इंजिन बरंच काही लपवतं. स्टार्ट करून ऑइलचं झाकण सैल करा. भकाभका धूर आला की पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय घ्या. झाकणाखालचा दुधट चिकटा हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं, पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं पॅकिंग) गेल्याचा असू शकतो, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात नुसत्या दमटपणानेही थोडा धरतो. बेळगाव-गोवा रस्त्यावरचा चोर्ला घाट गिअरमध्ये उतरा, एक्सिलरेटर सोडून. घाट संपल्यावर एक्सिलरेटर पुन्हा दाबला आणि आरशात निळा भपकारा दिसला, तर व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हमधून ऑइल आत झिरपू न देणारी सील) गेल्याचा संशय घ्या. बिलात नव्या पिस्टनचा साइझ (बोअर केल्यावर मोठा पिस्टन घालतात, तो) नसेल, तर मी तरी ते काम धरत नाही. इंजिन नंबर आरसीशी ताडून घ्या.