गिऱ्हाईक अंगावर आलं की नवी पोरं करतात त्या चुका

दसरा जवळ आला की लक्ष्मी रोडवरच्या रेडिमेडच्या दुकानांत अकरावी-बारावीची पोरंपोरी सीझनपुरती कामाला लागतात. भाऊबीज उरकली की बहुतेक जातात, काही लग्नसराईला पुन्हा उगवतात. घडी घालणं, साइझ काढून देणं, बारकोड मारणं ही दोन दिवसांत जमणारी कामं. माझा घसा बसतो तो समोरचं गिऱ्हाईक आवाज चढवायला लागलं की काय करायचं नाही, हे सांगता सांगता. दर वर्षी पोरं नवी आणि चुका जुन्याच, म्हणून एकदाच लिहून टाकते.

बऱ्याच मालकांना वाटतं की नव्या पोरांची मोठी चूक म्हणजे उलट बोलणं. तसं नाही. उलट बोलणारं एखादंच असतं. बाकीची घाबरतात, आणि घाबरली की उत्तर द्यायची घाई करतात. भांडण लागतं ते या घाईने.

वाक्य संपायच्या आत नियम सांगणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक. दसऱ्यानंतरच्या शनिवारी एक बाई आल्या. भोंडल्यासाठी मुलीला घेतलेलं परकर-पोलकं पिशवीत घेऊन. काउंटरवर आमचा सतरा वर्षांचा हुशार पोरगा. बाई म्हणाल्या, "अरे, हे मी नवरात्रात तुमच्याकडनं घेतलं आणि पहिल्याच धुण्यात..." एवढ्यात याने बिल उलटं करून तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

"मला वाचता येतं," बाई म्हणाल्या. पोरगा म्हणाला, "मॅडम, नियम आहे आमचा." बाईंचा आवाज चढला. मग त्याने ते अमर वाक्य टाकलं, "मॅडम, ओरडू नका." हे ऐकून आवाज खाली आणलेलं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलेलं नाही. मागे रांग, बाजूला ट्रायल रूमची गर्दी, आणि बाई आता दुकानाशी बोलत नव्हत्या, अख्ख्या रस्त्याला ऐकवत होत्या.

मी गेले आणि पिशवीतून परकर बाहेर काढला. दिव्याखाली धरून उलटा केला. माझा पांढरा रुमाल पाण्यात बुडवून पिळला आणि काठाच्या आतल्या बाजूने चार वेळा घासला. रुमालावर मरून पट्टा उमटला. तो त्यांना दाखवला आणि म्हटलं, "ताई, रंग सुटतोय. माल खराब आहे, तुमचं धुणं नाही." बाई एकदम गप्प झाल्या, आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. त्याच बादलीत नवऱ्याचे ऑफिसचे दोन शर्ट होते, ते गुलाबी झाले. घरात त्यावरून बोलाचाली झाली होती. परकराचं दुःख कमी, त्या शर्टांचं जास्त. हे सांगायलाच त्या आल्या होत्या आणि आमच्या पोराने त्यांना पहिलं वाक्य पुरं करू दिलं नव्हतं.

परकर-पोलकं बदलून दिलं. शर्टांचे पैसे देणं माझ्या हातात नव्हतं, तेही तोंडावर सांगितलं. बाई काही हसत गेल्या नाहीत, पुटपुटतच गेल्या. पण गेल्या. काउंटरवर तेवढं पुरतं.

आता त्या छापील ओळीचं. पोरांना ती ब्रह्मवाक्य वाटते, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ मालकांनाही वाटते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर मुदतच नसेल तर ३० दिवस धरतात. रंग सुटला, शिवण उसवली, चेन पहिल्या दिवशी तुटली, हा दोष. 'सासूबाईंना रंग आवडला नाही' हा दोष नाही, तिथे बदलून देणं हा दुकानाचा चांगुलपणा. पोरं या दोन्हींना एकच उत्तर देतात आणि दोन्हीकडे मार खातात.

'कन्झ्यूमर कोर्टात जाईन' असं कुणी म्हटलं तर 'जा खुशाल' म्हणू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर कुणालाही लावता येतो, आणि तिथे तुमचं 'जा खुशाल' फार वाईट दिसेल. "तो तुमचा हक्कच आहे, आधी मला वस्तू बघू द्या," एवढं बास.

माझी सवय साधी आहे. वस्तू हातात आल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. हात कामात असले की तोंडाला घाई राहत नाही, आणि आपला माल हा माणूस खरंच बघतोय हे गिऱ्हाईकालाही दिसतं. मग एकच प्रश्न, वस्तूबद्दलचा. "धुतलं कसं होतं?" "कुठे उसवलंय, दाखवता?" माणूस रागाने बोलत असला तरी अशा प्रश्नाला उत्तर देताना त्याला थोडं थांबावंच लागतं.

'पैसे आले नाहीत' असं तोंडावर मारणे

दुसरी लाडकी चूक गेल्या काही वर्षांतली. गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करतं, मोबाइल दाखवतं, 'गेले'. आपला स्पीकर मात्र बोलत नाही. पोरगं मान वर करून म्हणतं, "पैसे नाही आले." शब्दांत काही वावगं नाही, पण नजर असते ती खिसेकापू पकडल्याची. चार माणसांत कुणाला आवडेल? "म्हणजे मी काय चोर आहे का?" इथून पुढे तुम्ही कितीही गोड बोला, व्यर्थ आहे.

स्पीकरवर विसंबू नका. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी या रस्त्यावर नेटवर्क रडत असतं आणि तो डबा कधी उशिरा बोलतो, कधी बोलतच नाही. दुकानाच्या ॲपमधली यादी उघडा. गिऱ्हाईकाकडून व्यवहाराचा बारा आकडी नंबर मागा आणि ताडून बघा. तोंडाने म्हणा, "बँकेत अडकलेलं दिसतंय, मी आमच्याकडे बघतो." बँकेला दोष दिला की कुणाला राग येत नाही, बँकेलाही नाही. खात्यातून रक्कम गेली आणि दुकानाला पोचलीच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत जमा व्हायला हवी, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला बँकेने १०० रुपये द्यायचे असतात. हे शांतपणे सांगितलं की निम्मी माणसं कार्ड किंवा रोख काढतात. उरलेल्यांचा माल नाव लिहून बाजूला ठेवा.

याची दुसरी बाजूही आहे. स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, कधीच नव्हे. एका दुकानातली मुलगी एका गृहस्थाच्या आरडाओरड्याला घाबरली आणि स्क्रीनवर रक्कम बरोबर दिसल्यावर तिने पिशवी देऊन टाकली. रक्कम बरोबर होती, तारीख कालची होती. काही जण भडकलेले नसतातच, तुम्ही गडबडावं म्हणून आवाज चढवतात. ओरडणारा माणूस जितकी घाई करेल तितके तुमचे हात सावकाश चालले पाहिजेत. आणि नंतर ती रक्कम पोरीच्या पगारातून कापणारे मालक मला अजिबात पटत नाहीत. तिला तारीख बघायला शिकवलं कुणी होतं?

वरिष्ठाला बोलवायला उशीर

यात दोन जाती. एक, 'मी बघून घेतो' वाले. यांना इनचार्जला बोलावणं म्हणजे हरणं वाटतं. प्रकरण पार शिव्यांवर आलं की मग माझ्याकडे बघतात. दुसरी जात पहिल्याच मिनिटाला पळ काढणाऱ्यांची. गिऱ्हाईक 'बदलून मिळेल का' म्हणालं की 'थांबा हं' करून गायब, परत येतच नाहीत.

मी ठरवून दिलंय. गिऱ्हाईकाने तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं की मला बोलवायचं. तिसऱ्यांदा म्हणतोय याचा अर्थ तुमचं उत्तर त्याला पोचत नाहीये, चौथ्यांदाही पोचणार नाही. बोलावताना जागेवरून हलायचं नाही, बाजूच्याला पाठवायचं. मी आल्यावर त्याच्यासमोर मला हकिगत सांगायची, दोन वाक्यांत, त्याची बाजू आधी. "यांनी रविवारी शर्ट घेतला, कॉलर उसवलीय." 'हे काका मघापासून भांडतायत' अशी सुरुवात केलीत तर मी काय करणार, कपाळ?

किरकोळ, पण रोजच्या

दर वाक्याला 'सॉरी'. एकदा म्हणा, नेमकं कशाबद्दल ते सांगून म्हणा. माळ ओढल्यासारखं सॉरी ऐकलं की माणूस आणखी चिडतो.

मोबाइलवर व्हिडिओ बघून पाठ केलेली इंग्रजी वाक्यं. 'आय अंडरस्टँड युवर कन्सर्न, सर.' समोर सदाशिव पेठेतले आजोबा पायजम्याच्या नाडीबद्दल तक्रार करतायत! पाच मिनिटांत 'कस्टमर हँडलिंग' शिकवणाऱ्या या व्हिडिओंनी जेवढी भांडणं लावली असतील तेवढी माझ्या पोरांनी स्वतःच्या अकलेने लावली नसती.

पस्तिशीच्या बाईला 'काकू'. ताई म्हणा, मॅडम म्हणा. पांढऱ्या केसांची खात्री झाल्याशिवाय काकू नाही.

कापडी पिशवीचे दहा रुपये बिल झाल्यावर सांगणे. भांडण हमखास. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे हे लोकांना माहीत असतं. त्यांचा राग दहा रुपयांचा नसतो, न सांगता लावले याचा असतो. बिल करायच्या आधी विचारा.

सुट्ट्यांऐवजी चॉकलेट हातावर टेकवणे. माणसाने चॉकलेट परत फेकलं तर त्याला उद्धट म्हणू नका.

'जीएसटी कमी झाला ना, मग भाव का नाही?' याला 'मला माहीत नाही' हे उत्तर. माहीत करून घ्या की. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के, त्यावर १८ टक्के. आधी ५ टक्क्यांची हद्द १,००० रुपयांवर संपायची आणि त्यापुढे १२ टक्के होते. म्हणजे १,४०० च्या फ्रॉकवरचा कर उतरला, ३,००० च्या शेरवानीवरचा चढला. एवढं सांगता आलं तर गिऱ्हाईक तुम्हाला पोरगेलं समजत नाही.

गिऱ्हाईक गेल्या गेल्या खिदळणं. ते पायरीवरच असतं, त्याला ऐकू जातं, ते परत येतं.

ओरडणाऱ्याचा व्हिडिओ काढणं. वर कॅमेरा आहे ना? मग तुमचा मोबाइल खिशात.

सहन करायचंच, असं समजणे

वरचं सगळं चिडलेल्या गिऱ्हाइकाबद्दल झालं. घाणेरडं बोलणारा, हात धरणारा, ट्रायल रूमपाशी घुटमळत मुलींचे नंबर मागणारा, हा गिऱ्हाईकच नव्हे. त्याला 'सर' म्हणायचं नाही आणि त्याचं बिल करायचं नाही. काउंटर सोडून आत यायचं आणि मला किंवा जो मोठा माणूस असेल त्याला लगेच सांगायचं. सीझन आहे, मालक काय म्हणतील, असला विचार करायचा नाही. तुम्ही अठराच्या आतले असाल तर अंगाला हात लावणंच नाही, लैंगिक हेतूने केलेली शेरेबाजीही पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. ११२ (पोलिसांची तातडीची मदत) आणि १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) हे दोन नंबर आमच्या गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेले आहेत. तुमच्या दुकानात नसतील तर तुम्हीच चिकटवा.

नुसत्या शिव्या देणाऱ्याला मी एकदाच सांगते, "काम करून देते, पण या भाषेत नाही." तरी थांबला नाही तर पोराला मागे घेते आणि पुढे स्वतः उभी राहते. पोरांनी हे वाक्य स्वतः वापरायच्या भानगडीत पडू नये. सोळा-सतराव्या वर्षी ते तोंडातून बाहेर पडताना आव्हान होऊन पडतं.

आणि इनचार्ज लोकांनो, चूक पोराची असली तरी गिऱ्हाइकासमोर त्याला झापू नका. गिऱ्हाईक खूश होतं, हे खरं. पण ते पोरगं पुढच्या माणसापुढे आणखी घाबरतं आणि आणखी घाईने उत्तर देतं. राडा झाला की त्याला मागे पाठवा, स्टुलावर बसवा, चहा द्या. रडू आलं तर रडू द्या. नंतर लगेच काउंटरवर नाही, तासभर घड्या घालायला लावा. संध्याकाळची गर्दी ओसरली की मग विचारा, बाई नेमकं काय म्हणत होत्या. दहातली आठ पोरं हेच सांगू शकत नाहीत.