‘गॅस संपलाय’ म्हणजे नक्की काय? एसी दुरुस्तीचा खर्च समजून घेताना

कोल्हापुरात शिमगा झाला की उन्हाचा ताव चढू लागतो आणि गेल्या जूनपासून बंद असलेले घरोघरचे एसी त्याच पंधरवड्यात पुन्हा सुरू होतात. बिघाडही नेमका तेव्हाच लक्षात येतो. दुरुस्ती करणाऱ्यांना त्या दिवसांत उसंत नसते, घरच्यांना धीर नसतो आणि घाईघाईत एकच प्रश्न विचारला जातो : “किती होतील?” त्याआधी “बिघाड कशात आहे आणि तो तुम्ही कशावरून ठरवला?” हे विचारले पाहिजे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण चारशे रुपयांचा बिघाड असो की चौदा हजारांचा, घरात बसलेल्या माणसाला लक्षण एकच दिसते, ते म्हणजे खोली थंड होत नाही.

दीड टनाच्या घरगुती स्प्लिट एसीसाठी सध्याचे दर साधारण पुढीलप्रमाणे धरून चालावे. नुसत्या तपासणीचे तीनशे ते पाचशे, पाण्याच्या पंपाने धुऊन केलेल्या सर्व्हिसिंगचे पाचशे ते आठशे, कपॅसिटर (मोटारीला सुरू होताना विजेचा जोर देणारा छोटा भाग) बदलण्याचे चारशे ते आठशे, पूर्ण गॅस भरण्याचे दोन ते साडेतीन हजार, पीसीबी, म्हणजे एसी चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, नवा घातल्यास तीन ते आठ हजार आणि कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा बाहेरच्या युनिटमधला पंप, बदलल्यास आठ ते पंधरा हजार रुपये लागतात. कंपनीच्या अधिकृत सेवेत यावर 18 टक्के जीएसटी येतो. तपासणीचे पैसे दुरुस्तीच्या बिलातून वजा होणार की वेगळे द्यायचे, हे माणूस घरी येण्यापूर्वी फोनवरच ठरवून घ्यावे.

सर्वाधिक पैसे वाया जातात ते गॅसच्या नावाखाली. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस जळून संपतो. एसीतला गॅस जळत नाही आणि झिजतही नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, आतल्या खोलीची उष्णता उचलून बाहेर सोडतो आणि परत येतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, याला दुसरे कारण नाही. “दर दोन वर्षांनी गॅस भरावाच लागतो” हे वाक्य म्हणूनच चुकीचे आहे.

राजारामपुरीतील आमच्या घरी हे मी किंमत मोजून शिकलो. लागोपाठ दोन एप्रिल आम्ही गॅस भरून घेतला, दोन्ही वेळा अडीच हजारांच्या वर पैसे दिले आणि दोन्ही वेळा दिवाळीपर्यंत एसी पुन्हा ढेपाळला. तिसऱ्या वर्षी आलेल्या वयस्क मेकॅनिकने सिलिंडर खाली गाडीवरच ठेवला आणि आधी वाटीभर साबणाचा फेस मागितला. आतल्या युनिटमागे तांब्याची नळी जिथे पितळी नटाने जोडलेली असते, तिथे ब्रशने फेस लावून तो थांबला. मिनिटभरात नटाच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा फुगला, फुटला आणि पुन्हा फुगला. त्या जागी तेलकट डागही होता, जो आम्ही दोन वर्षे धूळ समजून पुसत होतो. त्याने नळीचे तोंड कापून नव्याने फुलवले आणि नट पुन्हा बसवला. गळती काढण्याचे त्याने सातशे रुपये घेतले. ते काम पहिल्याच वर्षी झाले असते तर पुढच्या वर्षीचा गॅसचा खर्च टळला असता.

गॅस भरण्याचे काम नीट होते आहे का, हे घरमालकालाही पाहता येते. आधी गळती शोधणे, ती बुजवल्यावर नळ्यांत नायट्रोजन भरून दाब टिकतो का हे पाहणे, मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल निदान वीस-तीस मिनिटे खेचून काढणे आणि शेवटी गॅस काट्यावर मोजून भरणे, असा त्याचा क्रम आहे. बाहेरच्या युनिटवरील पट्टीवर गॅसचा प्रकार आणि वजन ग्रॅममध्ये छापलेले असते. आर-32 गॅसच्या दीड टनी एसीत ते बहुधा पाऊण ते एक किलोच्या आसपास भरते. तो आकडा आधीच मोबाइलमध्ये टिपून ठेवावा. आर-22, आर-410ए आणि आर-32 हे वेगवेगळे गॅस आहेत आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आर-32 सौम्य ज्वलनशील असल्याने त्याच्या नळ्यांवर ब्रेझिंग (ज्योतीने तापवून सांधणे) करण्यापूर्वी गॅस पूर्ण काढलेला असलाच पाहिजे. इथे वेळ वाचवण्याची सवलत कोणालाही देऊ नये.

कॉम्प्रेसरच्या बाबतीतही असाच धीर धरावा. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत बाहेरचा पंखा फिरतो, कॉम्प्रेसर नुसता घुमतो आणि थोड्या वेळाने बंद पडतो, तेव्हा दोष बऱ्याचदा कपॅसिटरचा असतो. त्याचे वरचे टोक फुगलेले डोळ्यांनाही दिसते. कॉम्प्रेसर खरोखर जळाला असेल तर त्याच्या तीन टर्मिनलांवर मल्टिमीटर लावून ते दाखवता येते. रीडिंग दाखवायला सांगण्यात अविश्वास नाही. चांगला कारागीर ते आपणहून दाखवतो. जुन्या एसीच्या पंख्याची मोटार जळाली असेल, तर नवी घेण्याआधी उद्यमनगर या कोल्हापूरच्या औद्योगिक भागात ती रिवाइंड करून, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून, मिळते का, हे विचारावे. पीसीबीचेही तसेच आहे : पाल किंवा मुंग्या शिरल्याने अथवा विजेच्या चढउताराने जळलेला बोर्ड पुष्कळदा एखादा सुटा भाग बदलून नव्या बोर्डाच्या निम्म्याहून कमी पैशांत चालू होतो.

आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट सांगितली पाहिजे. साखर कारखान्यांच्या आसपासच्या वस्त्यांत गाळप हंगामात गच्चीवर काळी राख पडते. वाळत घातलेल्या कपड्यांवर ती दिसते, पण बाहेरच्या युनिटच्या जाळीत साचलेली दिसत नाही. जाळी बुजली की उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि वीजबिल वाढते. म्हणून त्या भागात सर्व्हिसिंग हंगाम संपल्यावर, मार्चच्या सुमारास करावे. इतरांनी फेब्रुवारीतच उरकावे, तेव्हा माणसे सवडीने काम करतात. आतली जाळी मात्र दर पंधरा दिवसांनी आपणच नळाखाली धुवावी. आतून पाणी ठिबकणे किंवा कॉइलवर बर्फ धरणे, या तक्रारींपैकी बऱ्याच तुंबलेल्या निचऱ्याच्या नळीमुळे आणि मळलेल्या जाळीमुळे उद्भवतात.

पंचगंगेचे पाणी 2019 आणि 2021 मध्ये ज्या घरांत शिरले, तिथल्यांनी बाहेरचे युनिट उंचावर बसवलेलेच बरे. बुडालेले युनिट वरून वाळले म्हणून सुरू करू नये. कॉम्प्रेसर बंदिस्त असल्याने तो बचावू शकतो. पीसीबी, मोटार आणि वायरींचे जोड मात्र उघडून, धुऊन, पूर्ण वाळवून तपासल्याशिवाय वीज जोडणे घातक आहे.

वॉरंटीचे कार्ड दुरुस्तीआधी वाचावे. “कॉम्प्रेसरला 10 वर्षे” असे लिहिलेले असले तरी ती बहुधा फक्त त्या भागापुरती असते. गॅस, मजुरी आणि ने-आण यांचे पैसे वेगळे लागतात, तरीही पूर्ण किंमत मोजण्यापेक्षा ते कितीतरी कमी असतात. वार्षिक करार घेताना त्यात सुटे भाग आणि गॅस येतो की फक्त सर्व्हिसिंग, हे लेखी घ्यावे. बिलावर बदललेल्या भागाचे नाव आणि भरलेल्या गॅसचे वजन लिहून घ्यावे आणि जुना भाग मागून घ्यावा. तक्रारीची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे आणि तिथे हे बिलच कामी येते.

आठ-नऊ वर्षांच्या आर-22 एसीचा कॉम्प्रेसर गेला असेल, तर माझ्या मते त्यावर खर्च करू नये. तो गॅस ओझोनच्या थराला घातक असल्याने टप्प्याटप्प्याने बंद होत आहे आणि जुने यंत्र वीजही अधिक खाते. नव्या एसीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, हेही हिशोबात धरावे. मात्र नवा एसी जुन्याच तांब्याच्या नळ्यांवर जोडायला होकार देऊ नये, कारण आर-22 सोबतचे तेल नव्या गॅसच्या तेलाशी जुळत नाही. नव्या नळीचा दर मीटरमागे किती आणि एसीसोबत किती मीटर मिळते, हे दुकानातच विचारून बिलावर लिहून घ्यावे.