मांज्याने कापलेला पक्षी धाब्यावर (गच्चीवर) पडला तर काय करायचं

14 जानेवारीला, म्हणजे संक्रांतीला, आमच्याकडच्या पतंगांच्या उत्तरायणाला, बडोद्यात काय चाललेलं असतं ते वेगळं सांगायला नको. रावपुऱ्यापासून दांडिया बाजारापर्यंत सगळं गाव धाब्यावर, स्पीकर कानठळ्या बसवतायत आणि त्यात कोणाच्या तरी धाब्यावर एक पारवा धपकन येऊन पडतो. मग कोणी पाणी आणतं, कोणी हळद, पोरं फोटो काढतात, आणि मांज्यातून वाचलेला पक्षी आपल्या या धावपळीत जातो. म्हणून हे आधीच वाचा आणि सकाळी वर जाताना एक बुटाचा खोका, जुना टॉवेल, छोटी कात्री आणि गॉझ एवढं सोबत न्या.

पहिलं काम फोन. 1962, गुजरात सरकारची प्राण्यांसाठीची हेल्पलाइन. उत्तरायणाच्या दिवसांत जखमी पक्ष्यांसाठी सरकारचं करुणा अभियान चालू असतं, जवळचं उपचार केंद्र कुठे आहे ते विचारून घ्या, गाडीची वाट बघण्यापेक्षा स्कूटरवर खोका घेऊन पोचणं बरेचदा लवकर होतं. फोन दुसऱ्या कोणाला तरी करायला सांगा, तुम्ही पक्षी बघा.

धरताना मागून टॉवेल टाकायचा, डोकंसुद्धा झाकायचं, अंधार झाला की तो बऱ्यापैकी शांत होतो. पंख अंगाशी मिटवून धरायचे पण छाती दाबायची नाही, हे फार महत्त्वाचं आहे कारण पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आत जाते, त्यामुळे प्रेमाने घट्ट धरलेला पक्षी सरळ गुदमरतो. घार किंवा घुबड असेल तर चोचीपेक्षा पंजे सांभाळा. बगळा, शराटी असल्या लांब चोचीवाल्यांना तोंडाजवळ आणूच नका, ते डोळ्यावर मारतात. आणि वटवाघूळ सापडलं तर उघड्या हाताने शिवायचं नाही, चावलं तर साबणाने जखम धुवून त्याच दिवशी डॉक्टर.

आता मांजा. ओढायचा नाही!! कितीही मोह झाला तरी नाही. काचेचा दोरा मांसात रुतलेला असतो, ओढला की करवतीसारखा अजून आत कापत जातो. दोन्ही बाजूंना थोडा दोरा सोडून कात्रीने कापा, रुतलेला भाग डॉक्टर काढतील. बहुतेक वेळा पंखाच्या पुढच्या कडेची, खांदा ते मनगट अशी ताणलेली कातडी फाटलेली असते, ती जखम बघायला छोटी वाटते पण तीच उडायची कातडी, म्हणून "काही नाही झालं, सोडून दे" म्हणणाऱ्या काकांचं ऐकू नका. रक्त येत असेल तर गॉझ ठेवून हलकं दाबा. साडेतीनशे ग्रॅमच्या पारव्यात सगळं मिळून 25-30 मिली रक्त असतं, चहाचे पाच-सहा चमचे, त्यातलं थोडं गेलं तरी फार होतं. हळद, तेल, मलम काही लावू नका, पिसं चिकटतात आणि डॉक्टरला जखम दिसत नाही.

पाणी पाजायचं नाही. चोच उघडून चमच्याने पाणी घालणारे भले लोक दरवर्षी दिसतात पण पक्ष्याची श्वासाची वाट जिभेच्या मुळाशीच उघडते, पाणी थेट फुप्फुसात. खायलाही नको, उंधियोची शेव तर नकोच.

खोक्याला भोकं पाडा, खाली कापड, झाकण बंद, आणि स्पीकरपासून लांब, घरात खालच्या मजल्यावर ठेवा. दर पाच मिनिटांनी उघडून बघू नका, भीतीनेसुद्धा पक्षी मरतो. बरा होईपर्यंत घरीच ठेवू असा विचार असेल तर तोही सोडा, रानटी पक्षी घरी ठेवणं वन्यजीव कायद्यात बसत नाही.

झाडावर लटकलेला असेल तर फायर ब्रिगेड. विजेच्या तारेवर असेल तर वीज कंपनीला फोन, लोखंडी सळई घेऊन शूरपणा करायचा नाही.

पतंग बंद करा असं मी म्हणत नाही, मलाही आवडतो. फक्त सकाळी पक्षी बाहेर पडतात तेव्हा आणि संध्याकाळी परततात तेव्हा थोडं थांबा, भोरड्यांचे थवे नेमके तेव्हाच येतात आणि तेव्हाच आपल्याला तुक्कल (पतंगाच्या दोरीला बांधलेले कागदी कंदील) चढवायची घाई असते. नायलॉनचा चायनीज मांजा घेऊच नका, 2017 मध्ये हरित लवादाने देशभर बंदी घातलीय, तरी मिळतो ही गोष्ट वेगळी.

वासी उत्तरायण (दुसरा दिवस, 15 तारीख) झाली की 16 तारखेला पोरांना घेऊन सोसायटीतल्या कडुनिंबावरचा, अँटेनावरचा मांजा काढा, हाताला जाड फडकं बांधून. बारीक तुकडे करून मगच कचऱ्यात टाका, अख्खा गुंता टाकलात तर कावळे तोच उचलून घरट्यात नेतात आणि मग पिल्लांचे पाय अडकतात.