१६०० मीटरला दम का जातो आणि तो वाढवायचा कसा

आमच्या येळ्ळूर भागात पहाटे पाचला बाहेर पडलात तर रस्त्याला कुत्र्यांपेक्षा पोरंच जास्त पळताना दिसतात. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटरच बेळगावात म्हटल्यावर भरतीचं वेड घराघरात असणारच की. माझा भाचा पण त्यातलाच, रोज उठून १६०० मीटर जीव तोडून पळायचा आणि रोज तिसऱ्या राऊंडला कुशीला हात लावून उभा. "मामा, माझी फुफ्फुसंच कमजोर हायत," म्हणायचा.

फुफ्फुसं बरोबर होती ओ. धडधाकट माणसाचं फुफ्फुस पळताना पण रक्तात पुरेसा ऑक्सिजन भरतंय, अडतंय ते पुढं. हृदय एका ठोक्याला किती रक्त ढकलतंय आणि मांडी-पोटरीचे स्नायू त्यातला ऑक्सिजन किती वापरतायत, खरा खेळ तिथं. बसल्या जागी हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं, जोरात पळताना तेच २० लिटरच्या घरात जातं. आता पहिल्या राऊंडलाच सुसाट सुटलात की ऑक्सिजन पुरत नाही, स्नायू साखर अर्धवटच जाळतात, रक्तातलं आम्ल वाढतं, कार्बन डायऑक्साईड बाहेर फेकायला मेंदू श्वास वाढवत बसतो आणि आपण म्हणतो लई दम लागला.

म्हणून आठवड्यातले चार दिवस हळूच पळायचं, ३० ते ४० मिनिटं. हळू म्हणजे किती, तर पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. भाच्याला पळतच कालच्या कुस्त्यांची हकीकत सांगायला लावली तर दोन शब्दांत गप्प, म्हटलं अजून हळू. त्याला लाजच वाटायची, बाकीची पोरं पुढं निघून जातात म्हणून. पण अशा पळण्यानंच हृदयाचा पंप मोठा होतो आणि स्नायूत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं. एक दिवस मात्र ४०० मीटर जोरात, मधे दोन-तीन मिनिटं चालत, असं चार-पाच वेळा. एक दिवस राजहंसगड चालत चढायचा, आणि एक दिवस खरंच काही नाही.

सकाळी अंथरुणातनं उठायच्या आधी मनगटावर दोन बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा, चारनं गुणा, वहीत लिहा. भाच्याचे सुरवातीला ७४ होते, अडीच महिन्यांनी ६४ वर आले, वही घेऊन नाचत आला होता. एखाद्या दिवशी आकडा अचानक आठ-दहानं वर दिसला तर झोप झाली नसेल, ताप येत असेल नाहीतर कालचा शीण उतरला नसेल, त्या दिवशी जोरात पळू नका.

आता माझी चूक सांगतो. महिन्याभरात दम वाढला म्हणून मी एकदम पळायचं दुप्पट केलं, ते पण झिजल्या बुटावर आणि डांबरी रस्त्यावर, आणि नडगी धरली ती दोन महिने घरी बसलो. दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात पण हाडं आणि स्नायूबंधांना महिने लागतात, हे मला कोण सांगितलंच नव्हतं. शेताच्या मातीच्या वाटेवर पळा, आणि अंतर दर आठवड्याला थोडंथोडंच वाढवा.

पोटाचं सोपं आहे. पळताना आतड्यांकडचं रक्त पायांकडं वळतं, त्यामुळं भाकरी खाऊन लगेच पळालात तर कळ येणारच, पोटभर खाणं आणि पळणं यात दोन-तीन तास जाऊ देत. पहाटे एक केळं बास. जेवल्या जेवल्या चहा मात्र सोडा, जेवणातलं लोह अंगी लागत नाही त्यानं. उलट मटकीच्या उसळीवर लिंबू पिळलं तर जास्त लागतं. लोह कमी म्हणजे हिमोग्लोबिन कमी, आणि हिमोग्लोबिनच ऑक्सिजन वाहून नेतं, मग फुफ्फुसं कितीही फुगवा. पोरी पण आता भरतीला पळतायत, त्यांनी एकदा रक्त तपासूनच घ्यावं, १२ च्या खाली असेल तर आधी डॉक्टर, मग ग्राऊंड. ते महागडे पावडरचे डबे नकोत, शेंगा-गूळ आणि अंडी खावा.

छातीत दाबल्यासारखं झालं, पळता पळता डोळ्यापुढं अंधारी आली किंवा घरात कोण तरुणपणी अचानक गेलेलं असेल तर ईसीजी काढल्याशिवाय जोरात पळू नका, पोरगा कितीही पैलवान असला तरी.